जेम्स गन : विश्वाची जाळी आणि दुर्बिणीचे आरसे

दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षणाने बांधलेले संघ, अवकाशात सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नसून तंतूंमध्ये आणि भिंतींमध्ये एकवटलेल्या आहेत आणि या भिंतींच्या दरम्यान कोट्यवधी प्रकाशवर्षे रुंदीच्या जवळजवळ रिकाम्या पोकळ्या आहेत, ही गोष्ट आता विश्वरचनाशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. मात्र ती निर्विवादपणे कळायला विसाव्या शतकाची अखेर जवळ यावी लागली. या विलंबाचे कारण सिद्धान्तांच्या उणिवेपेक्षा दुर्बिणींच्या घडणीत अधिक होते. मोठ्या दुर्बिणी खोलवर पाहत, पण एका वेळी आकाशाचा इवलासा तुकडाच त्यांच्या दृष्टिक्षेत्रात येई. रुंद पाहणाऱ्या दुर्बिणी फोटोग्राफीच्या काचेवर चित्र घेत आणि त्या काचेवर पडलेल्या दर शंभर प्रकाशकणांपैकी जेमतेम एक-दोन नोंदले जात. ही कोंडी ज्या मोजक्या लोकांनी फोडली त्यांत अमेरिकन विश्वरचनाशास्त्रज्ञ जेम्स गन यांचे स्थान वेगळे आहे, कारण कागदावर समीकरणे मांडणारा सैद्धान्तिक आणि त्या समीकरणांची परीक्षा घेणारा कॅमेरा स्वतः आखणारा कारागीर या दोन्ही भूमिका त्यांनी जन्मभर एकत्र निभावल्या.

गन यांचा जन्म १९३८ मध्ये टेक्सास राज्यातील लिव्हिंग्स्टन येथे झाला. राइस विद्यापीठात पदवी घेतल्यावर ते कॅलटेकमध्ये गेले आणि १९६५ मध्ये तेथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी ब्रूस पीटरसन यांच्यासह त्यांनी लिहिलेला एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, आणि विश्वाच्या इतिहासातील एका संपूर्ण कालखंडाचा शोध पुढे त्या निबंधाच्या आधारे घेतला गेला.

या निबंधातील युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकेकडून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी वाटेत ताणली जाते आणि वर्णपटातील ओळखीच्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात आणि ती जितकी मोठी तितका तो प्रकाश अधिक दुरून, म्हणजेच अधिक जुन्या काळातून आलेला असतो. १९६५ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ३सी ९ या क्वासारची ताम्रसृती २.०१ इतकी असल्याचे दाखवले. क्वासार म्हणजे महाकाय कृष्णविवरात कोसळणाऱ्या द्रव्यामुळे अतिशय तेजस्वी झालेले दीर्घिकेचे केंद्र. इतक्या दुरून निघालेला प्रकाश अब्जावधी वर्षे प्रवास करत असताना वाटेत हायड्रोजनचा उदासीन, म्हणजे आपला इलेक्ट्रॉन न गमावलेला, अणू भेटला तर तो अणू १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो. प्रकाश मार्गभर ताणला जात असल्यामुळे वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणी वर्णपटाचा वेगळा अंश नेमका या तरंगलांबीवर येतो. त्यामुळे अवकाशभर उदासीन हायड्रोजन पसरलेला असता तर त्या रेषेच्या निळ्या बाजूचा सगळा प्रकाश पुसला गेला असता आणि तेथे वर्णपटात खोल दरी दिसली असती. ३सी ९ च्या वर्णपटात तशी दरी नव्हती. यावरून गन आणि पीटरसन यांनी निष्कर्ष काढला की दीर्घिकांमधल्या अवकाशात उदासीन हायड्रोजन जवळजवळ नाहीच, याचा अर्थ तेथील वायूचे अणू कशामुळे तरी फुटून आयनित झालेले आहेत. मग हा वायू आयनित झाला कधी, आणि त्याच्या आधीचा काळ पाहायचा तर किती दूरचा क्वासार लागेल, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. त्याचे उत्तर मिळायला छत्तीस वर्षे जावी लागली आणि ते उत्तर गन यांनीच बांधलेल्या कॅमेऱ्यातून निघाले.

दरम्यान सैद्धान्तिक काम चालूच होते. १९७२ मध्ये रिचर्ड गॉट यांच्यासह लिहिलेल्या निबंधात गन यांनी दीर्घिकांचे गुच्छ कसे घडतात याचे एक साधे, पण अतिशय टिकाऊ गणित मांडले. आरंभीच्या विश्वात एखाद्या गोलाकार भागाची घनता सभोवतालापेक्षा किंचित जास्त असेल तर तो भागही विश्वाबरोबर पसरतो, परंतु स्वतःच्या गुरुत्वाकर्षणामुळे हळूहळू मागे पडतो, एका क्षणी थांबतो आणि मग आत कोसळू लागतो. कोसळून स्थिरावलेल्या गुच्छाभोवतीचे द्रव्य त्यानंतरही आत पडत राहते, म्हणून गुच्छ ही एकदाच तयार होऊन संपलेली वस्तू नसून अजूनही वाढत असलेली रचना आहे. याच निबंधात आणखी एक कल्पना होती : गुच्छाच्या आत तप्त, विरळ वायू भरलेला असतो आणि एखादी सर्पिल दीर्घिका त्यात वेगाने घुसली की समोरून येणाऱ्या दाबामुळे तिच्यातील वायू अक्षरशः उडवून नेला जातो, वायू गेला की नवे तारे जन्मण्याचे थांबते. गुच्छांमध्ये सर्पिल दीर्घिका एवढ्या कमी का, याचे एक कारण येथे मिळाले आणि पुढे अशा वायूच्या शेपट्या सोडत जाणाऱ्या दीर्घिका प्रत्यक्ष दिसल्याही. १९७५ मध्ये बिअॅट्रिस टिन्सली यांच्यासह गन यांनी विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत असावे, अशी शक्यता ‘नेचर’मध्ये मांडली, त्या काळच्या निरीक्षणांचा आधार पुरेसा भक्कम नव्हता, परंतु १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांच्या निरीक्षणांतून प्रसरणाचा वेग खरोखरच वाढत असल्याचे दिसून आले.

निरीक्षणांचा हाच कच्चेपणा गन यांना कार्यशाळेकडे घेऊन गेला असे म्हणणे सर्वस्वी बरोबर ठरणार नाही, कारण उपकरणांची ओढ त्यांना आधीपासूनच होती; पण सिद्धान्ताला कोणते मोजमाप हवे आहे हे आतून माहीत असलेला माणूस उपकरण आखायला बसला की त्या उपकरणाचे स्वरूपच बदलते, हे त्यांच्या कामात पदोपदी दिसते. पॅलोमार पर्वतावरील ५ मीटर व्यासाच्या हेल दुर्बिणीसाठी त्यांनी चार सीसीडींचा ‘फोर-शूटर’ हा कॅमेरा तयार केला. सीसीडी ही सिलिकॉनची चकती असून तिच्यावर पडलेल्या प्रकाशकणामुळे इलेक्ट्रॉन सुटतो आणि हे इलेक्ट्रॉन मोजून चित्र तयार होते. उत्तम सीसीडी अनुकूल तरंगलांबीला शंभरांतील ऐंशीहून अधिक प्रकाशकण टिपते, त्यामुळे काच जाऊन सीसीडी येणे म्हणजे जुन्याच दुर्बिणीचा आरसा कितीतरी पटींनी मोठा होण्यासारखे होते. हबल दुर्बिणीच्या पहिल्या रुंद क्षेत्राच्या कॅमेऱ्याचे प्रमुख जेम्स वेस्टफाल होते आणि गन त्यांचे उपप्रमुख. १९९० मध्ये हबल अवकाशात गेल्यावर तिच्या २.४ मीटरच्या मुख्य आरशाची कड सुमारे २ मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या जाडीच्या अल्पांशाने, जास्त सपाट घासली गेल्याचे उघड झाले. आरशाचा आकार तपासणाऱ्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते आणि आरसा त्या चुकीच्या मोजमापाबरहुकूम अत्यंत अचूकपणे घासला गेला होता. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी बसवलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याच्या आतील छोट्या आरशांना नेमका उलटा दोष देऊन ही चूक भरून काढण्यात आली. प्रकाशकी, म्हणजे भिंगांचे व आरशांचे शास्त्र, विश्वाच्या अभ्यासात दुय्यम मानणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर असू शकत नाही.

विश्वाच्या रचनेचा नकाशा काढण्याचे काम तोवर दुसऱ्या टोकाने सुरू झाले होते. व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी १९८६ मध्ये सुमारे अकराशे दीर्घिकांच्या ताम्रसृती मोजून आकाशाच्या एका लांबट पट्टीचा त्रिमितीय नकाशा प्रसिद्ध केला. दीर्घिका साबणाच्या फेसातील बुडबुड्यांच्या पडद्यांवर बसल्याप्रमाणे पोकळ्यांच्या कडांना चिकटलेल्या आहेत, हे त्यात पहिल्यांदा डोळ्यांना ठसठशीत दिसले. मात्र ही प्रत्येक ताम्रसृती एकेका दीर्घिकेवर दुर्बीण रोखून स्वतंत्रपणे मोजलेली होती. या गतीने लाखो दीर्घिकांपर्यंत पोहोचणे अशक्य होते, आणि विश्वाच्या आरंभीच्या स्थितीची खूण शोधायची तर लाखोच हव्या होत्या.

१९८० च्या दशकात गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात आकाराला आलेला आणि पुढे आल्फ्रेड पी. स्लोन प्रतिष्ठानाच्या नावाने ओळखला गेलेला स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे हा या अडचणीवरचा तोडगा. न्यू मेक्सिकोमधील सॅक्रामेंटो पर्वतराजीत सुमारे २,८०० मीटर उंचीवरील अपाची पॉइंट वेधशाळेत त्यासाठी खास दुर्बीण उभारण्यात आली. तिच्या मुख्य आरशाचा व्यास अवघा २.५ मीटर आहे. त्या काळात ८ आणि १० मीटरच्या दुर्बिणी बांधल्या जात होत्या. तरीही विश्वाच्या रचनेचे ज्ञान या तुलनेने लहान दुर्बिणीने जितके वाढवले तितके तिच्याहून मोठ्या फार थोड्या दुर्बिणींनी वाढवले, आणि याचे श्रेय तिच्या प्रकाशकीय आराखड्याला आहे.

अन्वस्ताच्या आकाराचा आरसा आपल्या अक्षावरील ताऱ्याचे अचूक टिंब उमटवतो, परंतु अक्षापासून थोडे बाजूला गेले की तारा शेपूट फुटल्यासारखा दिसू लागतो. या दोषाला कोमा म्हणतात. मुख्य व दुय्यम असे दोन्ही आरसे अपास्ताच्या आकाराचे घेतले तर कोमा नाहीसा होतो. जॉर्ज रिची आणि आंरी क्रेतियाँ यांची ही योजना आज बहुतेक मोठ्या दुर्बिणींत वापरली जाते. तिच्यातही क्षेत्र रुंद केले की दोन दोष उरतात : चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘सिलिंड्रिकल’ म्हणून लिहिला जातो तो ॲस्टिग्मॅटिझम, आणि प्रतिमेचा पृष्ठभाग सपाट न राहता वाकणे. स्लोन दुर्बिणीत १.०८ मीटरचा बराच मोठा दुय्यम आरसा घेऊन त्याच्या जोडीला दोन सुधारक भिंगे बसवली गेली. पहिले ॲस्टिग्मॅटिझम काढी आणि दुसरे प्रतिमेच्या अगदी जवळ असून ते छायाचित्रणासाठी वेगळे व वर्णपटासाठी वेगळे असे बदलता येई. परिणामी ३ अंश रुंदीचे, म्हणजे पूर्णचंद्राच्या सुमारे सहापट रुंद असे क्षेत्र ६५ सेंटिमीटरच्या प्रतलावर जवळजवळ निर्दोष उमटू लागले. दुर्बिणीला नेहमीचा घुमट नाही. तिच्यावरची सरकती खोली रात्री बाजूला नेली जाते आणि वाऱ्यापासून रक्षण करणाऱ्या आवरणासह दुर्बीण उघड्यावर उभी राहते, कारण घुमटात साचलेली उबदार हवा प्रतिमा थरथरवते.

गन यांनी आखलेल्या कॅमेऱ्यात २,०४८ गुणिले २,०४८ चित्रबिंदूंच्या ३० सीसीडी होत्या, पाच-पाचच्या सहा स्तंभांत मांडलेल्या, आणि स्तंभातील प्रत्येक सीसीडीसमोर वेगळा रंगगाळक होता. छायाचित्र घेण्याची पद्धतही निराळी होती. तारा सीसीडीवरून सरकत जाऊ दिला जाई आणि त्याच वेगाने चकतीतील इलेक्ट्रॉनांच्या ओळी विद्युतदाबाने पुढे ढकलल्या जात, त्यामुळे प्रतिमा चालती असूनही ती पुसट होत नसे; एका गाळकाखालून जायला ताऱ्याला ५४ सेकंद लागत आणि सुमारे पाच मिनिटांत त्याचे पाच रंगांतील मोजमाप होई. रात्रभर कॅमेऱ्याचा पडदा बंद करावा लागत नसे आणि एक क्षणही वाया जात नसे. मात्र यासाठी एक कठोर अट होती. प्रतिमेच्या कडेला भिंगामुळे किंचितही ताण-विकृती आली, तर कडेचा तारा मधल्या ताऱ्यापेक्षा वेगळ्या गतीने वा वाकड्या वाटेने सरकेल आणि ओळींशी त्याचा मेळ चुकेल. म्हणून स्लोन दुर्बिणीची विकृती इतकी कमी ठेवावी लागली की सर्वसाधारण दुर्बिणीला तेवढ्या काटेकोरपणाची कधी गरजच पडत नाही. येथे सर्वेक्षणाचा वेग, विद्युतचकतीचे चालणे आणि भिंगाचा वक्र हे तिन्ही एकाच गणिताचे भाग झाले, आणि ते गणित एका डोक्यात मावले हे या प्रकल्पाचे भाग्य.

वर्णपट घेण्याची रीत त्यामानाने हातकामाची होती. छायाचित्रांतून निवडलेल्या प्रत्येक दीर्घिकेच्या स्थानी अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या तबकडीला सिएटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठात भोके पाडली जात, एका तबकडीला ६४०. दिवसा तंत्रज्ञ प्रत्येक भोकात हाताने एकेक प्रकाशतंतू खोचत. कोणता तंतू कोणत्या भोकात जावा याचे बंधन नसे, कारण खोचून झाल्यावर तंतूंच्या दुसऱ्या टोकाने प्रकाश सोडून ती जुळणी यंत्राने नोंदवून घेतली जाई. रात्री ती तबकडी दुर्बिणीच्या प्रतिमाप्रतलावर चढे आणि पाऊण तासाच्या सुमारास ६४० वर्णपट एकदम हाती येत. एकेक भोक म्हणजे एकेक दीर्घिका, अशा हजारो तबकड्या पुढील दोन दशकांत वापरल्या गेल्या.

मे १९९८ मध्ये या दुर्बिणीने पहिला प्रकाश पाहिला आणि २००० मध्ये नियमित सर्वेक्षण सुरू झाले. फळ लवकरच आले. कॅमेऱ्याच्या पाच गाळकांपैकी शेवटचा अवरक्ताच्या सीमेवरचा होता. फक्त त्यातच दिसणारे आणि आधीच्या चारांत जवळजवळ नाहीसे असणारे टिंब म्हणजे अतिदूरचा क्वासार असण्याची शक्यता होती, कारण १२१.६ नॅनोमीटरची रेषा तेथवर सरकलेली असणार. अशा टिंबांतून २००१ मध्ये ६.२८ ताम्रसृतीचा क्वासार सापडला, आणि हवाई बेटावरील केक दुर्बिणीने घेतलेल्या त्याच्या वर्णपटात ती दरी होती : रेषेच्या निळ्या बाजूला प्रकाश शून्यावर आलेला. विश्व सुमारे ९० कोटी वर्षांचे असताना अवकाशातील उदासीन हायड्रोजनचे शेवटचे अवशेष आयनित होत होते, हे त्यातून उमगले. या दरीला ‘गन-पीटरसन दरी’ असेच म्हणतात.

दुसरे फळ अधिक मूलभूत होते. महास्फोटानंतर पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे विश्वातील वायू आणि प्रकाश एकमेकांत इतके गुंतलेले होते की दाट भागांतून दाबाच्या लहरी, म्हणजे ध्वनिलहरीच, बाहेर पसरत होत्या. अणू तयार होऊन प्रकाश मोकळा झाला तेव्हा त्या लहरी जिथे होत्या तिथेच थांबल्या. तेथे द्रव्य किंचित अधिक राहिले आणि दीर्घिकाही किंचित अधिक जन्मल्या. विश्वाच्या प्रसरणाबरोबर ते अंतर आज सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांचे झाले आहे. २००५ मध्ये डॅनियल आयझेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्लोन सर्वेक्षणातील ४६,७४८ तेजस्वी तांबड्या दीर्घिकांच्या परस्परअंतरांचे विश्लेषण करून बरोबर त्या अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या थोड्या जास्त आढळतात हे दाखवले. ऑस्ट्रेलियातील टूडीएफ सर्वेक्षणातही त्याच सुमारास तीच खूण दिसली. विश्वाच्या बालपणीच्या ध्वनीचा ठसा दीर्घिकांच्या आजच्या मांडणीत मोजता आला, ही विसाव्या-एकविसाव्या शतकांच्या विज्ञानातील सर्वांत सुंदर निष्पत्तींपैकी एक आहे. त्याच वर्षी गन यांना जेम्स पीबल्स आणि मार्टिन रीस यांच्यासह क्राफोर्ड पारितोषिक मिळाले, आणि २०१९ मध्ये क्योटो पारितोषिक.

पुण्याचा या कथेतील संबंध खराखुरा आहे. स्लोन सर्वेक्षणाची माहिती जगातील कोणालाही विनामूल्य खुली आहे. खगोलीय विषुववृत्तालगतची एक पट्टी या सर्वेक्षणाने पुन्हा पुन्हा टिपली होती. तिच्या माहितीतून आयुका आणि आयसर या पुण्यातील संस्थांमधील संशोधकांनी, जॉयदीप बागची, शिशिर सांख्यायन, सोमक रायचौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २०१७ मध्ये मीन राशीच्या दिशेला सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षांवर दीर्घिकागुच्छांचा एक महागुच्छ शोधून काढला आणि त्याला ‘सरस्वती’ हे नाव दिले. त्यात किमान ४३ गुच्छ व समूह असून भिंतीसारख्या या रचनेचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे आणि वस्तुमान सूर्याच्या सुमारे २ कोटी अब्ज पट आहे. इतक्या जुन्या काळात एवढी मोठी रचना कशी जमली, हा प्रश्न गन आणि गॉट यांच्या १९७२ च्या गणिताच्याच वंशातला आहे.

ही परंपरा पुढे सरकली आहे. ॲरिझोनातील ४ मीटरच्या मेयॉल दुर्बिणीवर सहा भिंगांचा नवा सुधारक बसवून त्यामागे ५,००० प्रकाशतंतू यंत्रहातांनी जागच्या जागी वळवणारे डेसी हे उपकरण २०२१ पासून सर्वेक्षण करत आहे, आणि मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या निष्कर्षांत प्रसरणाचा वेग वाढवणारी कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असावी असे संकेत आहेत. ते अजून सिद्ध झालेले नाहीत. जपानच्या ८.२ मीटर सुबारू दुर्बिणीवरील २,३९४ तंतूंच्या वर्णपटमापकाच्या उभारणीत ऐंशीच्या घरातील गनही सहभागी होते. भारतात नैनितालजवळ देवस्थळ येथे २०२२ मध्ये पाऱ्याच्या फिरत्या थराचा ४ मीटर आरसा असलेली आंतरराष्ट्रीय दुर्बीण सुरू झाली. हा आरसा तिरका करता येत नसल्यामुळे तिलाही सरकत्या ताऱ्यांचीच छायाचित्रे घ्यावी लागतात आणि त्यासाठी ताऱ्यांच्या वाकड्या वाटा सरळ करणारा सुधारक तिच्यावर आहे.

सरस्वती पुण्यात सापडली, पण न्यू मेक्सिकोच्या आरशांनी आणि सिएटलला भोके पाडलेल्या तबकड्यांनी गोळा केलेल्या प्रकाशातून. त्यात कमीपणा काही नाही, कारण खुली माहिती यासाठीच असते. परंतु महाराष्ट्रात भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला विश्वरचनेची समीकरणे शिकवली जातात, तितक्या आस्थेने काच घासायला, भिंगांची मांडणी गणिताने आखायला आणि सीसीडीतील गोंगाट मोजायला क्वचितच शिकवले जाते, आणि हे दोन अभ्यास वेगवेगळ्या इमारतींत ठेवण्याची सवय आता मोडायला हवी. विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांनी प्रकाशकीची कार्यशाळा सैद्धान्तिक शाखेच्या विद्यार्थ्यांसाठीही अनिवार्य करावी, आणि तोपर्यंत ज्यांच्याकडे संगणक व इंटरनेट जोडणी आहे अशा विद्यार्थ्यांनी स्लोनची खुली माहिती आजच उघडून कामाला लागावे.